झाकण उघडल्यावर दिसणारा इतिहास : व्हायकिंग रेंजर ट्रान्समीटरची दुरुस्ती



इतिहासाची साधनं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? दप्तरं, शिलालेख, नाणी, ताम्रपट. या मालेत आपण बहुतेक वेळा त्यांच्याबद्दलच बोलत आलो. आजचं साधन जरा वेगळं आहे. ती एक धातूची पेटी आहे. पुढे गोल तबकडी, एक मीटर, काही खुंट्या. आत काचेचे आणि धातूचे व्हॉल्व्ह, जड ट्रान्सफॉर्मर आणि तारांचं जाळं. अमेरिकेत १९५४ साली हौशी रेडिओचालकांसाठी बाजारात आलेला हा ट्रान्समीटर आहे. नाव व्हायकिंग रेंजर.

आजचा प्रश्न साधा आहे. असा सत्तर वर्षांचा ट्रान्समीटर कुणाच्या हाती आला आणि तो पुन्हा चालू करायचं ठरलं, तर आपण नेमकं काय वाचवत असतो? आणि वाचवता वाचवता काय पुसून टाकत असतो? कारण मोडीतलं पत्र कितीदाही वाचलं तरी त्यातली अक्षरं बदलत नाहीत. यंत्राचं तसं नाही. ते चालवायचं तर त्याचे काही भाग काढावेच लागतात. म्हणजे इथे वाचणं आणि खोडणं एकाच वेळी चालतं. ही अडचण आज आपण समजून घेऊ या.

आधी थोडी पार्श्वभूमी. हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला जगभर 'हॅम रेडिओ' म्हणतात, ती आकाशवाणीसारखी सेवा नाही. परवाना घेतलेली माणसं ठरवून दिलेल्या पट्ट्यांवर एकमेकांशी बोलतात किंवा मोर्समध्ये संदेश पाठवतात. त्यात पैसे कमवायचे नाहीत. शिकायचं, प्रयोग करायचे आणि वेळप्रसंगी मदतीला धावायचं, एवढंच. सुरुवातीच्या काळात यातले बहुतेक जण आपापला ट्रान्समीटर स्वतःच बांधत. बाजारात मिळायचे ते सुटे भाग.

अशा सुट्या भागांचाच धंदा मिनेसोटा राज्यातल्या वसीका नावाच्या छोट्या गावात एडगर जॉन्सन यांनी १९२३ साली सुरू केला. ई. एफ. जॉन्सन कंपनीचे कपॅसिटर, व्हॉल्व्हच्या बैठका वगैरे वस्तू हौशी मंडळींच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. मग युद्ध आलं. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर १९४१ मध्ये, अमेरिकेतल्या हौशी केंद्रांना गप्प बसवण्यात आलं. नोव्हेंबर १९४५ पासून पट्टे हळूहळू पुन्हा खुले झाले. युद्धातून परतलेल्या कितीतरी तरुणांना आता रेडिओ येत होता, हातात थोडे पैसे होते, आणि तयार किंवा निमतयार ट्रान्समीटरला गिऱ्हाईक मिळू लागलं. जॉन्सन कंपनीने १९४९ साली 'व्हायकिंग' नावाने पहिला ट्रान्समीटर काढला. रेंजर हे त्याच घराण्यातलं पुढचं, आकाराने लहान भावंड.

रेंजर दोन प्रकारे मिळायचा. एक, कारखान्यात जोडून तयार. दुसरा, किट. म्हणजे पेटी, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, तारा, स्क्रू सगळं खोक्यात भरून यायचं. सोबत जोडणीची पुस्तिका. बाकी तुमचं तुम्ही बघा. हा मुद्दा लक्षात ठेवू या, कारण पुढे तो फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आता आपण ही पेटी वाचायला घेऊ. झाकण न उघडता, नुसती समोरून.

तबकडीवर पट्टे छापलेले आहेत : १६० मीटर, ८०, ४०, २०, १५, ११ आणि १० मीटर. हे आकडे तरंगलांबीचे. आजच्या हौशी चालकाला यातला एक आकडा खटकेल. ११ मीटर? हा पट्टा आज हौशींचा नाहीच! बरोबर आहे. अमेरिकेत युद्धानंतर २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा हा पट्टा हौशींना वापरायला मिळाला होता. १९५८ साली तो काढून घेण्यात आला आणि 'सिटिझन्स बँड'ला, म्हणजे सर्वसामान्य नागरिकांच्या छोट्या बिनतारी संचांना दिला गेला. ट्रक ड्रायव्हर मंडळींमुळे पुढे हाच सीबी रेडिओ गाजला. गंमत अशी, की स्वतः जॉन्सन कंपनीही पुढे सीबी संचांच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली. जो पट्टा गेला, त्याच पट्ट्यावर तिने धंदा उभा केला. नंतरच्या रेंजर-२ या आवृत्तीत ११ मीटर गायब आहे आणि ६ मीटर आला आहे. दुसऱ्या बाजूने बघा. १५ मीटरचा पट्टा अमेरिकी हौशींना १९५२ साली खुला झाला. तेव्हा एखाद्या यंत्रावर १५ मीटर आहे आणि ११ मीटरही आहे, एवढ्यावरून ते कोणत्या काळातलं ते आपण सांगू शकतो. नाण्यावरच्या मजकुरावरून काळ ठरवतात, तसंच हे.

दुसरी खूण आहे शक्तीच्या आकड्यात. रेंजरची क्षमता मोर्ससाठी ७५ वॉट आणि बोलण्यासाठी ६५ वॉट अशी सांगितलेली असे. हे आकडे शेवटच्या टप्प्याला दिल्या जाणाऱ्या विजेचे आहेत; अँटेनाकडे जाते ती शक्ती त्याहून कमी. ७५ का? १९५१ साली अमेरिकेत नवशिक्यांसाठी 'नोव्हिस' नावाचा सोपा परवाना सुरू झाला. त्यात दोन अटी होत्या : शक्ती ७५ वॉटपेक्षा जास्त नको, आणि फ्रिक्वेन्सी क्रिस्टलने बांधलेली हवी. नवशिक्याने तबकडी फिरवत भलत्याच ठिकाणी जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. रेंजरमध्ये फिरती तबकडी आहे आणि क्रिस्टल लावायची सोयही आहे. म्हणजे एखाद्या शाळकरी मुलाने नवशिक्या म्हणून क्रिस्टल लावून सुरुवात करावी आणि पुढची परीक्षा पास झाल्यावर त्याच यंत्राची तबकडी वापरायला लागावं. परवान्याचे नियम असे यंत्राच्या अंगावर उमटतात.

तिसरी खूण म्हणजे पेटीचं शिवणकाम. 'शिवणकाम' मुद्दाम म्हणतोय. झाकण आणि सांगाडा जिथे एकमेकांना भिडतात तिथे धातूला धातू घट्ट लागावा अशी व्यवस्था आहे, आणि आतून बाहेर येणाऱ्या तारांवर फिल्टर आहेत. एवढी काळजी कशासाठी? शेजाऱ्यासाठी! १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी घरांत टीव्ही शिरला. हौशी चालक २८ मेगाहर्ट्झवर बोलायला लागला की त्याच्या लहरींची दुप्पट, म्हणजे ५६ मेगाहर्ट्झची उपलहर, थेट टीव्हीच्या दुसऱ्या चॅनेलमध्ये घुसायची. तो चॅनेल ५४ ते ६० मेगाहर्ट्झ होता. २१ मेगाहर्ट्झची तिप्पट ६३. ती तिसऱ्या चॅनेलमध्ये. शेजारी ऐन कार्यक्रमाच्या वेळी पडद्यावर पट्ट्या बघतोय आणि मग दारावर थापा मारतोय, हे चित्र त्या काळच्या हौशी चालकांच्या रोजच्या अनुभवातलं होतं. बऱ्याच जणांनी संध्याकाळी ट्रान्समीटर लावणंच सोडून दिलं. तेव्हा या पेटीचे घट्ट सांधे हे शेजारधर्माचे सांधे आहेत.

आणि इथेच दुरुस्तीतली पहिली चूक होते. पेटी गंजलेली, ओरखडे पडलेली असते. नवा मालक हौसेने ती घासतो आणि सगळीकडून छान रंग मारतो. पेटी दिसते नव्यासारखी, पण जिथे धातू धातूला भिडायचा तिथे आता रंगाचा थर बसलेला असतो. रंग विजेला अडवतो. संरक्षण गेलं. ज्या कारणासाठी ती पेटी तशी बांधली होती, ते कारणच आपण रंगाखाली गाडलं. जुनी इमारत जपणाऱ्यांना हा प्रकार माहीत आहे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की भिंत नीटनेटकी दिसते आणि आतून ओल धरते. वस्तू 'का' अशी आहे हे न कळता ती 'कशी' दिसते एवढंच दुरुस्त केलं, की हे होणारच.

आता झाकण उघडू.

आत शेवटच्या टप्प्यात ६१४६ या क्रमांकाचा व्हॉल्व्ह आहे. पन्नाशीच्या दशकातल्या कितीतरी ट्रान्समीटरमध्ये हाच सापडतो. आवाज चढवण्यासाठी १६१४ या क्रमांकाचे दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात. त्यांच्यासोबत एक जाडजूड मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर. हा एवढा जड का? त्या काळच्या एएम पद्धतीत, आवाज पूर्ण चढवायचा तर शेवटच्या टप्प्याला मिळणाऱ्या विजेच्या निम्मी शक्ती आवाजाच्या रूपात ओतावी लागते. ६५ वॉटला साधारण ३२ वॉट. म्हणजे ट्रान्समीटरच्या पोटात एक चांगला दणदणीत लाउडस्पीकरचा अँप्लिफायर बसवलेला आहे असंच समजा.

बांधणीतला विचार दिसतो तो मोर्सच्या कळीत. कळ दाबली की आधी मूळ लहर निर्माण करणारा ऑसिलेटर सुरू होतो, क्षणभराने पुढचा टप्पा. कळ सोडली की आधी पुढचा टप्पा बंद, मग ऑसिलेटर. इतकं कशाला? ऑसिलेटर सुरू होताना त्याचा सूर किंचित हलतो. तो हलता सूर हवेत गेला तर ऐकणाऱ्याला प्रत्येक टिंब-रेषेमागे चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते. तसं होऊ नये म्हणून हा क्रम. ऐकणारा हजार मैलांवर असेल, कोण असेल ते माहीतही नाही, पण त्याच्या कानाची काळजी इथे घेतलेली आहे.

आणि आता तो किटचा मुद्दा. कारखान्यात जोडलेल्या रेंजरमध्ये सगळे डाख एका हाताचे, सरावाचे दिसतात. किटमधून घरी बांधलेला रेंजर उघडला की तो बांधणारा माणूस समोर येतो. सुरुवातीच्या कोपऱ्यात डाख जाड, गोळ्यासारखे. शेवटच्या कोपऱ्यात आटोपशीर, चकचकीत. म्हणजे हे यंत्र बांधता बांधता तो माणूस डाख लावायला शिकला. कुठे तारा काटकोनात वळवून सांगाड्याला धरून नेलेल्या असतात, मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या असतात, आणि सगळ्या रेझिस्टरांचे रंगीत पट्टे वाचता येतील अशा एकाच दिशेने लावलेले असतात. असा माणूस नुसता ट्रान्समीटर बांधत नव्हता. पुढे कधीतरी कुणीतरी हे उघडेल आणि त्याला ते कळायला हवं, असं धरून चालला होता.

'उत्तम बांधणी' म्हणजे काय याचं उत्तर आपल्याला इथे मिळतं. उत्तम बांधणी म्हणजे कधीच न बिघडणारी बांधणी, असं आपण समजतो. ते खरं नाही. रेंजरमधले कपॅसिटर सुकणारच होते, व्हॉल्व्ह मरणारच होते. बांधणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून व्हॉल्व्ह बैठकीत बसवले, उपटून नवा लावता येईल असे. म्हणून समोरचा मीटर एका खुंटीने वेगवेगळ्या टप्प्यांना जोडता येतो. वैद्याने नाडी बघावी तसं, कुठला टप्पा ठीक आणि कुठला आजारी, ते यंत्र स्वतःच सांगतं. म्हणून पुस्तिकेत पूर्ण सर्किट छापलं. उत्तम बांधणी म्हणजे बिघाड गृहीत धरून केलेली बांधणी.

मग हे ट्रान्समीटर अडगळीत कसे गेले? बिघडले म्हणून नव्हे. पद्धत बदलली म्हणून. एएम पद्धतीत आवाजाच्या दोन सारख्या प्रती आणि मध्ये एक वाहक लहर असते. पूर्ण चढवलेल्या एका सुरात दोन तृतीयांश शक्ती त्या वाहक लहरीतच खर्च होते, आणि तिच्यात माहिती काहीच नसते. सिंगल साइडबँड पद्धतीने वाहक लहर आणि एक प्रत काढून टाकली. निम्म्या जागेत, कमी शक्तीत तेच बोलणं पोचू लागलं. कॉलिन्स कंपनीने १९५७ आणि १९५८ साली या पद्धतीचे जे संच आणले त्यांनी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नवा नमुना ठेवला. साठीच्या दशकात एएमवर बोलणारा हौशी चालक मागासलेला वाटू लागला. चालू स्थितीतले रेंजर तळघरात गेले. काहींचे ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह दुसऱ्या कामासाठी काढून घेतले गेले. वाचले ते बहुतेक कुणाच्या तरी टाकवत नाही या स्वभावामुळे.

इथे आपण थोडं आपल्याकडे वळू. कारण 'सुटं करता येणं, पुन्हा जोडता येणं' या गुणाची किंमत काय असते, ते मुंबईच्या इतिहासात लख्ख दिसतं.

भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने असा संच नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागे. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने हौशी चालकांचे परवाने रद्द केले आणि ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायला सांगितले. मुंबईतले एक हौशी चालक नरिमन प्रिंटर यांनी आपला ट्रान्समीटर मोडून सुटा केला आणि त्याचे बरेचसे भाग वाचवले, अशी नोंद भारतीय हौशी रेडिओच्या इतिहासात आहे. विचार करा. पूर्ण ट्रान्समीटर हा गुन्ह्याचा पुरावा. पण सुटी कॉइल, सुटा कपॅसिटर, सुटा व्हॉल्व्ह? तो कुठल्याही रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याच्या खणात असतो.

१९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात वर्तमानपत्रांवर बंधनं आली आणि बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. तांत्रिक बाजूला प्रिंटर होते. चितगावची बाँबफेक, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरमधले अत्याचार, या बातम्या या केंद्राने दिल्या. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा सतत बदलावी लागे. पुढे १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात, प्रक्षेपण चालू असतानाच छापा पडला. उषाबेन चार वर्षं तुरुंगात गेल्या.

हे केंद्र बोलायचं ४२.३४ मीटरवर. म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आता रेंजरच्या तबकडीकडे पुन्हा बघा. ४० मीटरचा जो पट्टा आहे, अमेरिकेत ७.० ते ७.३ मेगाहर्ट्झ, त्याच्या आतच ही जागा येते. वसीकाचा रेंजर आणि मुंबईचा काँग्रेस रेडिओ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक शांततेच्या काळात छंदासाठी बनला. दुसरा जिवावर उदार होऊन चालवला गेला. पण दोन्हींच्या मागे माहितीचा साठा एकच आहे : लहर कशी निर्माण करायची, ती कशी चढवायची, अँटेनाला कशी जुळवायची. हे ज्ञान हौशी मंडळींच्या हातात होतं, म्हणून वेळ आली तेव्हा ते उपयोगी पडलं. हातांतलं ज्ञान जप्त करता येत नाही. मात्र कुणी शिकलंच नाही, तर ते आपोआप नाहीसं होतं.

म्हणून जुना ट्रान्समीटर दुरुस्त करणं ही नुसती हौस राहत नाही. आता ती दुरुस्ती प्रत्यक्ष कशी चालते ते पाहू, कारण खरे पेच तिथेच आहेत.

पहिला नियम : प्लग लावायचा नाही. माळ्यावर यंत्र सापडलं, की चालतंय का बघू म्हणून सगळ्यांचा हात बटणाकडे जातो. तोच घात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो क्षीण होतो, आतलं द्रव सुकतं. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की कपॅसिटर शॉर्ट होतो आणि सगळा भार पॉवर ट्रान्सफॉर्मरवर येतो. कपॅसिटर नवा मिळतो. ट्रान्सफॉर्मर जळला तर तसाच दुसरा मिळणं महाकठीण. एका क्षणाच्या उत्सुकतेपायी सत्तर वर्षं टिकलेली वस्तू जाते.

मग करायचं काय? आधी फोटो. प्रत्येक कोपऱ्याचे, काहीही हलवण्यापूर्वी. उत्खननात वस्तू उचलण्याआधी तिची जागा नोंदवतात, अगदी तसं. मग धूळ काढायची. मग वीज न देता मीटरने मोजमाप. त्या काळचे कार्बनचे रेझिस्टर दमट हवेत आणि वयाने वाढत जातात; छापील किमतीपेक्षा कितीतरी जास्त भरतात. कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात, म्हणजे जी वीज अडवायची ती पुढे सोडतात. तेलाचे जुने कपॅसिटर असतील आणि पाझरत असतील तर उघड्या हाताने शिवायचं नाही. १९७९ पूर्वीच्या अशा तेलात पीसीबी नावाची विषारी रसायनं असू शकतात. जुनी दोन तारांची वायर काढून अर्थिंगची तीन तारांची लावायची. इथे 'मूळ तसंच ठेवा' हा आग्रह चालणार नाही, कारण यंत्राची पेटीच जिवंत झाली तर माणूस जाईल.

आणि माणूस खरोखर जातो. रेंजरच्या आत सुमारे ५०० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते साठून राहू शकतात. ते रिते करणारा रेझिस्टर आत असतो, पण तोही सत्तर वर्षांचाच आहे. तो तुटला असेल तर बाहेरून काही कळत नाही. म्हणून जुनी मंडळी शिकवतात, आधी वीज काढा, मग कपॅसिटर स्वतः रिकामा करा, मग मीटरने खात्री करा, आणि काम करताना एक हात खिशात ठेवा. दोन्ही हात आत असले तर धक्क्याची वाट छातीतून जाते. ही ओळ पुस्तिकेत वाचून पाठ होते, पण अंगवळणी पडते ती कुणीतरी शेजारी उभं राहून दटावल्यावरच. ज्यांनी दटावायचं ती पिढी आता फार वयस्कर झाली आहे किंवा गेलेली आहे. व्हॉल्व्हपेक्षा दुर्मीळ होत चाललेली गोष्ट ही आहे.

पुढचा पेच नैतिक आहे. जुना कपॅसिटर मेलाय, नवा लावायचा. नवा असतो जुन्याच्या चौथाई आकाराचा, भडक रंगाचा. तो तसाच उघडा लावायचा, की जुन्याचं नळकांडं पोकळ करून त्यात नवा दडवायचा? पुष्कळ कसबी माणसं दडवतात. झाकण उघडल्यावर सगळं १९५४ सारखं दिसतं. काहींना ती कला वाटते, काहींना फसवणूक. जुन्या पोथीचं गेलेलं पान नव्याने लिहून हुबेहूब जुन्या शाईत घातलं, तर आपण काय म्हणू? आमचं मत असं, की दडवायला हरकत नाही, पण सांगायला हवं. पेटीच्या आत एक कागद ठेवावा : अमुक तारखेला हे हे बदललं, या या कारणासाठी. काढलेले भाग पिशवीत भरून सोबत ठेवावेत. पन्नास वर्षांनी पेटी उघडणाऱ्याला मूळ कुठलं आणि आपलं कुठलं, ते शोधत बसायला लागू नये.

आणि मधल्या मालकांनी केलेले फेरफार? कुणी पुढच्या पट्टीला भोक पाडून जादा खुंटी बसवलेली असते. कुणी मागच्या बाजूला एखादा सॉकेट वाढवलेला असतो. सर्रास सल्ला मिळतो, की ते सगळं काढून यंत्र 'कारखान्यातून आल्यासारखं' करा. आपण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून थोडं थांबायला हवं. ते भोक हाही पुरावाच आहे. त्या माणसाला यंत्राकडून काहीतरी जास्त हवं होतं आणि ते त्याने स्वतः मिळवलं. हौशी रेडिओ म्हणजे तेच तर आहे. धोकादायक किंवा गचाळ काम असेल तर जरूर काढा. नीट विचाराने केलेलं असेल, तर आधी समजून घ्या, नोंद करा आणि शक्यतो राहू द्या. किटमधल्या त्या शिकाऊ डाखांचंही तसंच. डाख फुटका असेल तर पुन्हा लावा. नुसता ओबडधोबड असेल आणि काम करत असेल, तर तो त्याचा हस्ताक्षराचा कागद आहे. त्याला हात कशाला लावायचा?

हे सगळं झालं की मग वीज, तीही हळूहळू. व्होल्टेज चढवत नेणारा व्हेरिॲक असेल तर उत्तम. नसेल तर आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन वापरतात तो साधा सिरीज बल्ब. यंत्राच्या वाटेत एक बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. मग अँटेनाऐवजी नकली भार जोडून, म्हणजे लहर हवेत न सोडता, एकेक टप्पा मीटरवर तपासायचा. त्या वेळी समोरचा मीटर, जो १९५४ साली एखाद्या शाळकरी मुलासाठी लावला होता, तो आपल्याशी बोलू लागतो. कुठलाही परवाना नसताना मात्र अँटेना जोडायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत आजही ८० मीटरच्या पट्ट्यात ३.८८५ मेगाहर्ट्झच्या आसपास एएमवाली मंडळी जुन्या ट्रान्समीटरवर गप्पा मारायला जमतात. तिथे असा दुरुस्त केलेला रेंजर पहिल्यांदा बोलतो, तेव्हा समोरचा माणूस आवाजाचा अहवाल देतो : गुणगुण आहे का, आवाज भरीव आहे का, सूर सरकतो आहे का. हा अहवाल म्हणजे या साधनाची टीका, आपल्या शब्दांत साधनचिकित्सा. दप्तरखान्यात बसून ती करता येत नाही. यंत्र बोललं तरच होते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. काचेच्या कपाटात न उघडता ठेवलेला रेंजर आपला सगळा पुरावा जपतो, पण मुका राहतो. त्याच्या बांधणीत काय विचार होता ते कुणालाच कळत नाही. चालू केलेला रेंजर थोडा पुरावा गमावतो आणि त्या बदल्यात एका माणसाला शिकवून जातो. ज्यांच्याकडे एकुलती एक, इतिहासात घडलेल्या प्रसंगाशी जोडलेली वस्तू आहे, त्यांनी ती कपाटातच ठेवावी. काँग्रेस रेडिओचा एखादा मूळ भाग उद्या कुणाच्या हाती आला, तर त्याला डाखाची कांडी लावू नका, आधी अभ्यासकांना बोलवा! पण रेंजरसारखी, अनेक प्रती असलेली यंत्रं कपाटात ठेवून आपण काहीच वाचवत नाही. ती पुन्हा दुरुस्त व्हावीत म्हणूनच बांधली होती. ती दुरुस्त करणं हाच त्यांचा वापर आहे.

फक्त आतला कागद विसरू नका. तारीख घाला, काय बदललं ते लिहा, आणि कुणाकडून शिकलात त्यांचं नाव लिहा. या पेटीत आतापर्यंत दोन हात होते, कारखान्याचा आणि किट जोडणाऱ्याचा. तिसरा हात तुमचा. पुढचा इतिहासकार झाकण उघडेल तेव्हा त्याला तिन्ही वेगवेगळे ओळखू यावेत, एवढंच.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांच्या काळचा रेडिओ, ट्रान्समीटर, अगदी मोर्सची कळ जरी माळ्यावर असेल, तरी आजच प्लग लावू नका. आधी फोटो काढा. आणि घरात तो वापरलेलं कुणी असेल, तर त्यांच्याशेजारी बसून ते काय सांगतात ते लिहून घ्या. यंत्र थांबू शकतं. ती माणसं थांबणार नाहीत.